स्थिर आकार

'कॅरॅव्हान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडीच्या मागे जोडलेलं, गावोगाव फिरणारं घर येतं. इंग्लंडात ज्याला 'स्टॅटिक कॅरॅव्हान' म्हणतात ते मात्र फिरत नाही. कारखान्यात तयार झालेलं पस्तीस-चाळीस फूट लांबीचं हे पेटीवजा घर ट्रेलरवरून आणतात, समुद्राकाठच्या एखाद्या हॉलिडे पार्कमध्ये उतरवतात, आणि बहुतेकदा ते मोडीत निघेपर्यंत तिथेच राहतं. खाली चाकं असतात, पण ती नावापुरती. आत दोन बेडरूम, न्हाणीघर, शेगडी, खिडक्यांना पडदे. लिंकनशरच्या किनाऱ्यावर स्केगनेसपासून मेबलथॉर्पपर्यंत यांच्या रांगाच्या रांगा आहेत. बिली बटलिनने आपला पहिला हॉलिडे कॅम्प १९३६ साली इथेच, स्केगनेसजवळ सुरू केला. नॉटिंगहॅम, लेस्टरकडच्या कामगार कुटुंबांचा हा हक्काचा समुद्र.

हक्काचा म्हणजे कितपत, हे समजायला मला एक वीजबिल लागलं.

२०२२च्या शरदात मी नोकरीसाठी नॉटिंगहॅमला आलो आणि एका निवृत्त जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली. विजेच्या दरांनी तेव्हा सगळ्या देशाची झोप उडवली होती. घरमालकीणबाई संध्याकाळी दिवे मालवत घरभर फिरत, पण माझ्या खोलीच्या हीटरबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. भाड्यात वीज धरलेली होती आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांची स्वतःची एक कॅरॅव्हान त्या किनाऱ्यावर होती. काकांना दम्याचा त्रास. समुद्रावर गेलं की बरं वाटतं, म्हणून निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यांनी तिच्यात घातला होता. एप्रिलमध्ये बाई एक कागद घेऊन वर आल्या. "तू इंजिनिअर आहेस ना? हे बघ जरा."

मी सॉफ्टवेअरवाला, विजेशी माझा संबंध बी.ई.च्या पहिल्या वर्षातल्या बेसिक इलेक्ट्रिकलपुरता. पण बिल वाचायला तेवढं पुरलं. ऑक्टोबर ते मार्च, १८२ दिवस. ४१२ युनिट, दर ५८ पेन्स, म्हणजे २३८ पौंड ९६ पेन्स. त्याखाली 'स्टँडिंग चार्ज', रोज ७५ पेन्सप्रमाणे १३६ पौंड ५० पेन्स. वर पाच टक्के व्हॅट. एकूण ३९४ पौंड २३ पेन्स. महावितरणच्या बिलावर ज्याला 'स्थिर आकार' म्हणतात तोच हा स्टँडिंग चार्ज: तुम्ही दिवा लावा न लावा, जोडणी आहे म्हणून द्यायचे पैसे. त्या सहा महिन्यांत हे दोघं तिथे जेमतेम महिनाभर राहिले होते. मधले काही आठवडे तर पार्कच बंद होता आणि कॅरॅव्हानच्या नळांतलं पाणीही काढून टाकलं होतं, गोठून पाइप फुटू नयेत म्हणून.

४१२ युनिट कुठे गेले हे शोधणं सोपं होतं. त्यांची कॅरॅव्हान जुनी, भिंती पातळ, गॅसचा हीटर फक्त बैठकीच्या खोलीत. झोपायच्या खोलीत दोन किलोवॅटचा विजेचा हीटर. तो सहा तास चालला की बारा युनिट. थंडीतल्या तीस रात्रींचा हिशेब लगेच जुळला. प्रश्न युनिटांचा नव्हता, दराचा होता.

घरच्या विजेला ब्रिटनमध्ये कमाल दराची मर्यादा असते. २०१९पासून ती ऑफजेम ही नियामक संस्था ठरवते. कॅरॅव्हानला ती लागू नाही, कारण तिथे ग्राहक तुम्ही नसता. ग्राहक असतो पार्क. पार्क व्यावसायिक दराने वीज घेतो आणि सबमीटर लावून प्रत्येक कॅरॅव्हानला पुढे विकतो. त्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराला विजेसाठी ४०० पौंड दिले; सुट्टीपुरत्या कॅरॅव्हानला त्यातलं काही नाही. व्यवसायांसाठी वेगळी सवलत होती, १ ऑक्टोबर २०२२ ते ३१ मार्च २०२३. ती पार्कच्या बिलातून वजा होणार आणि पार्कने ती कॅरॅव्हानवाल्यांपर्यंत पोचवायची, असा नियम होता. बाईंच्या बिलावर तिचा उल्लेख नव्हता.

आणखी एक नियम सापडला, तो जुना. १ जानेवारी २००३पासून, घरगुती वापरासाठी वीज पुढे विकणाऱ्याने ती स्वतःला पडली त्याहून महाग विकायची नाही. युनिटवर नफा नाही. स्थिर आकारही सगळ्यांत वाटून. पार्कचा क्लब, पोहण्याचा तलाव, जुगाराची यंत्रं यांची वीज पार्कने सोसायची. मीटर वाचण्याचा, बिलं करण्याचा खर्च या दरात घुसवायचा नाही. करारात तशी सोय असेल तर तो वेगळा घ्यायचा. वाचून मी हरखलो. इतकं स्वच्छ सूत्र! पार्कचं मूळ बिल मिळालं की झालं.

ते मिळवायचं कुणी? हिशेब मागायचा हक्क ग्राहकाला आहे, पण तो मागावा लागतो. जास्त घेतलेले पैसे परत मिळवायचे तर दिवाणी कोर्टात जायचं, तेही स्वतः. ऑफजेम तुमच्यासाठी भांडत नाही.

मी तीन ओळींचं पत्र लिहून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, "छान आहे," म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. दोन आठवडे ते तिथेच होतं. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "परवाना अजून चार वर्षांचा आहे."

मग कळलं. कॅरॅव्हान त्यांची, पण तिच्याखालची जमीन पार्कची. दरवर्षी काही हजार पौंड जागाभाडं. परवाना ठरावीक वर्षांचा. नवा द्यायचा की नाही हे पार्कच्या हातात. विकायची तर पार्कला कमिशन. उचलून दुसरीकडे न्यायची तर क्रेन, ट्रेलर, आणि इतकी जुनी कॅरॅव्हान दुसरा पार्क घेईल याची खात्री नाही. चाळीस पौंडांसाठी भांडायला जाऊन तो समुद्रच हातचा गेला तर काकांनी श्वास कुठे घ्यायचा?

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्यात कॉलेजला असताना कॉट बेसिसवर राहायचो तिथे खोलीला सबमीटर होता आणि मालक युनिटला बारा रुपये घ्यायचे. आम्ही चौघे मिळून महिन्याला शंभर युनिटसुद्धा जाळत नव्हतो. स्वतःचा मीटर असता तर सगळ्यात स्वस्त स्लॅबमध्ये बसलो असतो. पण मीटर अख्ख्या वाड्याला एकच, त्यामुळे वाड्याचं बिल थेट वरच्या स्लॅबमध्ये. मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. किती खरं होतं, ते बिल पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बिल कुणी मागितलं नाही. डिपॉझिट त्यांच्याकडे होतं. अभियांत्रिकीची चार पोरं, एकालाही भागाकार येत नव्हता असं नाही.

नॉटिंगहॅमच्या घरात बाई मालकीण होत्या आणि मी भाडेकरू. किनाऱ्यावर त्या माझ्या जागी होत्या. ड्रॉवर शेवटी त्यांनीच उघडला. मे महिन्यात त्या पत्र घेऊन पार्कवर गेल्या आणि आपल्या रांगेतल्या शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. परतल्या तेव्हा खाली अकरा सह्या होत्या. सगळ्यांत वर त्यांची नव्हती. नावं त्यांनी गोलात लिहवून घेतली होती, म्हणजे पहिलं कुणीच नाही.

जूनअखेर उत्तर आलं, सभ्य भाषेत. सरकारी सवलत धरून दर ५८वरून ४९ पेन्स. स्टँडिंग चार्ज ७५ऐवजी ३१ पेन्स. उरलेले ४४ पेन्स मीटर आणि देखभालीचे होते, ते या बिलात यायला नको होते. व्हॅटसकट १२३ पौंड परत. बाईंनी केक केला. मलाही मोठा तुकडा मिळाला.

जानेवारीत पुढच्या वर्षाच्या जागाभाड्याचं पत्रक आलं. त्यात एक नवी ओळ होती: 'विद्युत व्यवस्था देखभाल, १६० पौंड'. रोजचे ४४ पेन्स गुणिले ३६५ करून पाहा. हे बेकायदेशीर नाही. त्यांचा करार तशी मुभा देतो. फरक एवढाच की विजेवर व्हॅट पाच टक्के आणि हंगामी जागाभाड्यावर वीस. तीच देखभाल, आता वर्षाला तेवीस पौंडांनी महाग. नियमाने युनिटची किंमत बांधून दिली होती, जागेची नाही.

मी चिडून आकडे मांडत होतो. बाई शांतपणे ऐकत होत्या. दराचे नऊ पेन्स तरी सुटले, म्हणाल्या, आणि एक वही पुढे केली. अकराही कॅरॅव्हानचे मीटर, कुलूप लावतानाचं रीडिंग आणि उघडतानाचं रीडिंग, तारखेसकट. सात नंबरचा मीटर बंद हिवाळ्यात एकोणीस युनिट पुढे सरकला होता. "हे कसं काय?" त्यांनी विचारलं.

मार्चमध्ये पार्क उघडला त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर सात नंबर बघायला गेलो.