छोट्या इंजिनाची नाडीपरीक्षा

ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत, त्या वाचकांस ही हकीकत उपयोगी पडावी. पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं खुलें झालेलें जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय पाहिल्यापासून आमच्या नातवास छोट्या आगगाडीचें वेड लागलें. वर्षभराच्या खाऊच्या पैशांतून त्यानें १:८७ प्रमाणाचें नवें इंजिन आणविलें. पण तें हातभर जाई, अडखळे आणि थांबे. पोराचे डोळे भरून आले. चिरंजीव तें उघडावयास सरसावले. परंतु एकदां उघडलें कीं दुकानदार परत घेणार नव्हता, म्हणून आम्हीं त्यांचा हात धरला.

बोदवडावरून जाणारें मोठें इंजिन डोक्यावरच्या तारेंतून २५,००० व्होल्टांची वीज घेतें. या छोट्यास १२ व्होल्ट पुरतात, आणि ते दोन रुळांतून चाकांवाटेच मोटारीस पोंचतात. तेव्हां रूळ मळला, चाकास तेल लागलें किंवा सांधा ढिला झाला, कीं वाट खुंटली!

येथें नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक कामीं आला. रूळ व चाकें पुसलीं, फरक नाहीं. थांबण्याची जागा मात्र नेमकी एकच. तेथें खडूनें खूण केली. शेजारचें जुनें, चालतें इंजिन आणून सोडलें, तों तेंहि तेथेंच थांबलें. मग नव्याचा दोष कसा? वीज रुळाच्या एकाच टोंकास जोडलेली; खुणेपाशीं सांधपट्टी सैल, म्हणून पलीकडचा रूळ कोरडा. नातवानें ती चिमट्यानें आवळली, आणि गाडी धावली.

सध्यां माजघरांत रूळ पसरले असून जेवणाचीं पानें ओसरीवर मांडावीं लागतात.