गच्चीवरचे ऊन कोणाचे?

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत. वेस्ट मांबलमच्या मावशी त्यात तिसरी गोष्ट जोडतात: फ्लॅटच्या गच्चीवर सौर पॅनेल पाहावे बसवून!

मावशी माहेरच्या पुण्याच्या. तंजावरच्या मराठी घराण्यात दिल्या गेल्या आणि मद्रासकर झाल्या. यजमान गेल्यापासून आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मे महिन्यात रात्री दहा वाजताही छत तव्यासारखे तापलेले असते. एसीवाचून डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तमिळनाडूत विजेचे बिल येते एकदम दोन महिन्यांचे. पहिली १०० युनिटे फुकट हे खरे, पण पुढे वापर वाढतो तसा दरही चढत जातो. निवृत्तिवेतन बिचारे जागच्या जागी.

न्यूयॉर्क राज्यातल्या भाच्याने २०२३ मध्ये आपल्या घरावर पॅनेल बसवली होती. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तू पण बसव. मला खर्चाच्या ३० टक्के केंद्राच्या करातून सुटले, शिवाय राज्याच्या करातून ५,००० डॉलर. तू रिटर्नमध्ये दाखव ना!"

मावशी लगोलग कर सल्लागाराकडे गेल्या. तो हसला. "अम्मा, आपल्याकडे पगार-पेन्शनवरचा आयकर केंद्राचा. राज्य सूट देणार कशातून? केंद्राचीही घरच्या पॅनेलवर आयकरात सूट नाही. धंद्यासाठी बसवली तर घसारा मिळतो, तो वेगळा. आणि मुळात तुम्ही कर भरताच कुठे?"

यातली गोम ध्यानात घेण्याजोगी आहे. करातली सूट कर भरणाऱ्याच्याच कामाची. भाच्याचा पगार मोठा, म्हणून त्याला ती लाभली. (त्यांच्याकडची केंद्राची ती घरगुती सवलतही २०२५ अखेर बंद झाली.) आपल्याकडे रोख अनुदानाची वाट धरली गेली. तमिळनाडूने २०१३ मध्ये घरगुती ग्राहकांना किलोवॅटमागे २०,००० रुपये देऊ केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. कर भरा की भरू नका, पैसे बँकेत जमा होतात. फक्त आधी पदरचे घालायचे किंवा कर्ज काढायचे. अनुदान येते पॅनेल चालू झाल्यावर.

मावशींनी मुदत ठेव मोडायची तयारी केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे होते ते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या मामींनी विचारले, "गच्ची तुमच्या एकट्यांची आहे का?"

प्रश्न रोखठोक होता, आणि चुकीचा नव्हता. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. आठही बिऱ्हाडांनी तेवढी मागितली तर पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, मामींचे वडाम आणि मावशींच्या कुरडया जाणार कुठे?

सोसायटीच्या बैठकीत दोन तास खल झाला. अखेर सेक्रेटरींनी तोड काढली. पंप आणि जिन्यातले दिवे ज्या सामाईक मीटरवर चालतात, त्याला १०० युनिटांची सवलत नसते. त्याच्यासाठीच पाच किलोवॅट बसवायचे. सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० म्हणजे ९०,००० रुपये मिळतील, उरलेल्या खर्चाचे आठ वाटे.

म्हणजे मावशींच्या एसीचे बिल आहे तेवढेच राहणार. देखभालीच्या वर्गणीत काय कमी होईल तेवढेच. त्यांचा चेहरा उतरला. मुदत ठेव मात्र वाचली. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. पॅनेल माझ्या झोपायच्या खोलीवर लावा. खाली सावली तरी पडेल."

मामींची सही अजून व्हायची आहे. पण मागच्या रविवारी सेक्रेटरी टेप घेऊन गच्चीवर आले, तेव्हा मावशी खडू घेऊन पुढे गेल्या आणि खाली आपला पलंग नेमका कुठे येतो, तिथे त्यांनी चौकोन आखून दिला.