कुडपणचं धुकं आणि अब्बांचं घड्याळ

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की कापडे गाव येतं. तिथून आत वळून क्षेत्रपाळमार्गे चढत गेलं की कुडपण. रायगड जिल्ह्याचं हे टोक; पलीकडे सातारा आणि रत्नागिरीची हद्द. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात, आणि कुडपण शेलारमामांचं गाव म्हणून ओळखलं जातं. उन्हाळ्यात इथून दऱ्या दिसतात म्हणे. आम्ही गेलो ते भर पावसात, त्यामुळे आम्हाला दिसलं ते धुकं. धबधब्याचा आवाज ऐकायचा आणि तो कुठे असेल याचा अंदाज बांधायचा!

मुक्काम ओळखीच्या एका घरी होता. अब्बांचा त्या दिवशी नफिल रोजा. यजमानीणबाईंनी आठवणीने खजूर काढून ठेवले. पण सूर्य मावळला की नाही, हे त्या धुक्यात कोण सांगणार? अब्बांच्या मनगटावरच्या एचएमटी जनतामध्ये सात वाजून दहा मिनिटं झाली होती. अब्बांनी खजूर उचलला, तेवढ्यात अम्मींनी फोन पुढे केला. त्यात पावणेसातच झाले होते. सकाळी निघताना घड्याळ त्याच फोनवर लावलेलं. अब्बांनी खजूर मुकाट्याने खाली ठेवला.

घड्याळ मागे पडलं असतं तर म्हातारं झालं म्हणून सोडून दिलं असतं. पण दिवसात पंचवीस मिनिटं पुढे? महिन्यापूर्वीच ते एका दुकानात ‘तेलपाणी’ करून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगर उतरून महाडच्या बाजारात एका जुन्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि नुसतं “अरे देवा” म्हटलं. स्क्रूची डोकी खरवडलेली, पट्टीवर बोटांचे ठसे, आणि सगळीकडे तेल. केसासारखी बारीक बालकमान तेलाने चिकटून तिचे दोन-तीन वेढे एक झाले होते. कमान जणू आखूड झाली, म्हणून चक्र भराभर हलत होतं. जनता एरवी सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००.

चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चाकाच्या आसाचं टोक ज्या माणकात फिरतं, त्याला बारीक खळगी असते. टाचणीच्या टोकावर मावेल त्याहून कमी तेल तिथे आपोआप धरून राहतं. वर्गात आम्ही केशाकर्षण शिकवतो ते हेच. फळ्यावर मात्र ते इतकं पटत नाही. खळगी भरून वाहिली की तेल पट्टीवर पसरतं, आसापासचंही ओढून नेतं, आणि तेलात न्हालेलं घड्याळ आतून कोरडं पडतं.

उपाय एकच, सगळं सुटं करून धुणं. चाकं पेट्रोलमध्ये, भोकं टोकदार काडीने, बालकमान वेगळी बुडवून. मग मोजक्या जागी थेंब. बरेच जण धुण्याचं काम टाळून वरून तेल सोडतात, हे चाचांचं दुखणं. त्यात वेळ वाचतो, आणि घड्याळ लगेच टिकटिकायला लागतं, म्हणून गिऱ्हाईकही खूश.

आठ दिवस त्यांनी घड्याळ स्वतःजवळ ठेवून पाहिलं. आता दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद झाला. म्हणून चाचांनी अब्बांना बजावलं, “घरात दुसरं बंद जनता असेल तर भंगारात देऊ नका. सुटे भाग आता त्यातूनच निघतात.”