जागलीचं मचाण

कार्तिक सरत आला की नरखेड तालुक्यातल्या वावरांत मचाणं उभी राहतात. बाभळीचे नाहीतर सागाचे चार बल्ले, वर बांबूचा तट्टा, तट्ट्यावर कुटार भरलेली पोती, पोत्यांवर जुनी सतरंजी आणि डोक्यावर मेणकापड. चढायला एका बल्ल्यावर ठोकलेल्या खुंट्या. उंची आठ-दहा फूट. रात्री वावरात साप-विंचू असतात, कधी बिबटही फिरकतो, आणि शिवाय वरून नजर लांब जाते.

जागा जनावराच्या वाटेवरून ठरते. रोही आणि रानडुक्कर दिवसभर नाल्याच्या काठानं, झुडपी जंगलात दडून असतात आणि अंधार पडला की धुरा ओलांडतात. म्हणून मचाणाचं तोंड नाल्याकडं. घराकडं तोंड करून बांधलेलं मचाण झोपायच्याच कामाचं, असं इथले म्हातारे सांगतात.

मचाणाचं खरं काम कळायला समोरचा हरभरा जवळून बघावा लागतो. हरभरा लहान असताना शेंडा खुडला तर फुटवे जास्त येतात. बाया भाजीसाठी तो खुडतातच. त्यामुळे एखाद्या रोह्यानं सुरुवातीला चार शेंडे ओरबाडले तर कोणी फारसं मनावर घेत नाही. पण पीक फुलावर आलं, घाटे धरले, की तेच तोंड घातक होतं. अशा वेळी खाल्लेलं परत येत नाही. त्यात रोही कळपानं येतो. भरला नर दोनशे किलोच्या वर जातो. खातो त्याहून जास्त तुडवतो, आणि साधं कुंपण तर उभ्या उभ्या ओलांडतो. संत्र्याची नवी कलमं असतील तर त्यांचाही पाला ओरबाडतो आणि शेंडे मोडतो. हरभऱ्याचं नुकसान एका हंगामाचं. कलम मोडलं तर काही वर्षं मागे जातात. डुकराची तऱ्हा वेगळी. ते जमीनच उकरतं. भुईमूग या भागातून कमी झाला त्यात डुकराचा वाटा मोठा आहे, हे कोणत्याही पारावर ऐकायला मिळेल.

याच्या अगदी उलट, अमेरिकेत खासगी जमिनीवर हरणांसाठी मुद्दाम पेरणी करतात. क्लोव्हर, ओट, मोहरीच्या कुळातली पाल्याची पिकं. शिकारीच्या हंगामात पाला कोवळा राहील असा पेरणीचा मेळ घालतात, आणि माणसाचा वास हरणाला लागू नये म्हणून वारा बघून मचाण बांधतात. हरणानं यावं, निवांत चरावं आणि बंदुकीच्या टप्प्यात उभं राहावं, यासाठी ती सारी आखणी. नरखेडात पेरणी माणसासाठी होते आणि जनावर न बोलावता येतं. इथलं मचाणही वारा बघतं, पण उलट्या हिशेबानं. शेकोटीचा धूर नाल्याकडं जावा, माणूस आहे हे जनावराला लांबूनच कळावं आणि त्यानं वाट बदलावी.

शिकाऱ्याचं मचाण या मुलखालाही नवं नाही. सातपुड्यातल्या शिकारीवर आणि जंगलांवर कॅप्टन फोर्सिथचं पुस्तक १८७१ साली निघालं, तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होतं आणि साहेबासाठी मचाण बांधणं हे गावातल्या माणसाचं काम होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली. शिकाऱ्याचं मचाण गेलं, शेतकऱ्याचं राहिलं. पीक नासवणाऱ्या रोह्याला आणि डुकराला परवानगी काढून मारण्याची सोय कायद्यात आहे. पण अर्ज, पाहणी, परवाना आणि बंदूकवाला हे सगळं जुळेपर्यंत हरभऱ्याचं कुटार झालेलं असतं.

मचाणावरची हत्यारं साधी. लांब उजेडाची बॅटरी, पत्र्याचा डबा आणि काठी, सुतळी बॉम्बची पुडी. आणि गळा. बॅटरीच्या झोतात डोळ्यांच्या जोड्या चमकल्या की एका वावरातून हाळी उठते, पुढच्या वावरातून तिला हाळी मिळते, आणि कळप कोणत्या अंगाला वळला ते साऱ्या शिवाराला कळतं.

“कोनाकडं गेले, भाऊ?”

“तुह्याच धुऱ्यावर आले, बॅटरी मार!”

मधल्या वेळात नागपूर-इटारसी लाईनवरच्या गाड्यांचा आवाज येतो. तेच इथलं घड्याळ. कोणत्या गाडीनंतर पाळी बदलायची ते ठरलेलं असतं. ओलिताची वीज रात्रपाळीची असली की त्याच माणसाला खाली उतरून पाणीही द्यावं लागतं.

आता झटका मशीन आलं आहे. सौर पॅनल, बॅटरी आणि वावराभोवती तार. जनावराला क्षणभर झटका बसतो, ते मरत नाही. ज्याला परवडतं त्यानं ते जरूर बसवावं. त्याच्या शेजारीच एक भयंकर प्रकार आहे, खांबावरची वीज थेट तारेत सोडण्याचा. विदर्भात त्यानं वाघही मेले आहेत आणि माणसंही. मला मचाणाबद्दल जो आदर वाटतो तो इथंच. चार बल्ल्यांवर बसलेला हा माणूस पीकही वाचवतो आणि जनावरही जिवंत परत पाठवतो, आणि त्याचं मोल स्वतःच्या झोपेतून देतो.

ती झोप कोणी मोजत नाही. जनावरानं पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. रोही, रानडुक्कर, हरीण अशी यादी आहे, पंचनामा होतो, संत्र्याच्या झाडालाही रक्कम ठरलेली आहे. पण ती खाल्लेल्या पिकाची. ज्यानं रात्र-रात्र जागून पीक राखलं त्याच्या वावरात पंचनाम्याला काही सापडतच नाही, म्हणून त्याच्या हाती काही येत नाही. सकाळी तोच माणूस फवारणीला उभा असतो, आणि त्याचा मुलगा शाळेत डुलक्या घेतो, कारण पाळी त्याच्यावरही येते. ज्या गावांना जंगल लागून आहे तिथं जागलीची मजुरी धरून मदत द्यायला हवी, निदान सामाईक झटका तार तरी आधी त्या गावांना मिळायला हवी.

फाल्गुनात हरभरा निघाला की मचाण उतरवतात. सागाचे बल्ले गोठ्यात आडवे टाकतात, पुढच्या सालासाठी. बांबू मात्र ठेवणीत फार दिवस राहत नाहीत. पावसाळा सरताना आंबिया बहाराच्या फांद्या संत्र्यांनी वाकू लागतात, तेव्हा ते टेकू म्हणून झाडांखाली जातात.