खाला, ते काम आधी मला विचारलं होतं

जुम्म्याच्या दिवशी आमचं मालेगाव गप्प असतं. इतर सहा दिवस यंत्रमागांची खटखट भिंतीतून, फरशीतून, अगदी उशीतूनही ऐकू येते. बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. आमचं मात्र उलट. जुम्म्याला कारखाने बंद झाले की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी अशाच एका जुम्म्याला असरच्या नमाजनंतर माझा भाचा त्याच्या मित्राने केलेला सिनेमा पाहायला गेला. सिनेमा म्हणजे टॉकीजमधला नव्हे. एका कोचिंग क्लासची खोली, भिंतीवर पांढरी चादर, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर आणि पंचवीस-तीस पोरं. मित्र मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याने स्वतःच्या फोनवर चोवीस मिनिटांचा सिनेमा केला होता. शूटिंग फक्त जुम्म्याला, कारण इतर दिवशी मागांच्या आवाजात संवाद रेकॉर्डच होत नाहीत. असे सात-आठ जुम्मे लागले.

गोष्ट साधी होती. आयुष्यभर मागावर काम केलेला एक म्हातारा. त्याला आता कमी ऐकू येतं. पण जुम्म्याच्या रात्री माग बंद असले की त्याला झोप येत नाही. मग त्याचा नातू, जो स्वतः रात्रपाळी करून थकलेला असतो, खाटेजवळ बसून पत्र्याचा डबा वाजवत राहतो. म्हाताऱ्याचा डोळा लागेपर्यंत.

त्या दिवशी मी आपाकडेच होते. भाचा ईशानंतर घरी आला. ताट समोर आलं, पण त्याने दोन घास खाऊन हात धुतले आणि गच्चीवर गेला. मी मागोमाग गेले. मला वाटलं, मित्राशी भांडण झालं असेल.

"काय झालं बेटा? सिनेमा आवडला नाही का?"

"खूप छान आहे." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "खाला, ते नातवाचं काम त्याने आधी मला विचारलं होतं. अब्बांच्या भीतीने मी नाही म्हटलं. आज दुसऱ्याच मुलाला त्या जागी पाहिलं. तो चांगलं करतो, पण डबा वाजवताना तो म्हाताऱ्याकडे बघतच नाही. मी बघितलं असतं."

त्याच रात्री त्याने घरात सांगून टाकलं की त्याला अभिनय करायचा आहे. (आमच्या घरी सगळे उर्दू बोलतो, इथे ते मराठीत लिहिते आहे.) दुल्हाभाई दिवसाचे बारा तास सहा माग सांभाळतात. मुलगा आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला, एस.वाय.बी.ए.ला. पदवी होईल, कुठे चिकटेल, हाताला ग्रीस लागणार नाही, एवढीच त्यांची आस. ते एकदम उसळले. "आमच्या खानदानात आजवर कुणी तोंडाला रंग फासला नाही. उद्या बहिणीचं नातं ठरवताना लोक काय विचारतील?" आपा रडायला लागल्या. भाचा गप्प झाला. आणि घरातली शिकलेली म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. समजूत घालणं हा आमचा रोजचाच धंदा. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून मी अर्धा तास बोलले. आधी पदवी, मग नोकरी, शौक शौकाच्या जागी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "खाला, नववीत असताना गॅदरिंगच्या मराठी नाटुकल्यात म्हाताऱ्या पोस्टमनचं काम मला कुणी दिलं होतं?"

मीच दिलं होतं. त्याचे मराठी उच्चार सुधारावेत म्हणून महिनाभर तालीम मीच घेतली होती. बक्षीस मिळालं तेव्हा स्टाफरूममध्ये "माझा भाचा" म्हणून मिरवलेही होते. शाळेच्या स्टेजवर जे मला गुण वाटत होतं, ते घरात आल्यावर ऐब कसं झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. त्याला शफीक शेखची गोष्ट सांगितली.

आमच्या गावाचं नाव सिनेमावाल्यांत झालं ते नासिर शेख यांच्यामुळे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने मित्रांना गोळा करून 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. तेव्हा मी विशीत होते. आम्ही मुली काही व्हिडिओ पार्लरला जात नव्हतो, पण भाऊ अंगणात त्यातल्या नकला करायचे आणि आम्ही दाराआडून हसायचो. शफीक हा त्याच मंडळींतला, यंत्रमागावर मजुरी करणारा, काडीसारखा बारीक तरुण. मित्रांचे सिनेमे बघत त्यालाही पडद्यावर यायचं वेड लागलं. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये नासिर यांनी त्याला थेट सुपरमॅन केलं. तो सिनेमा कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो देशोदेशी दाखवला गेला. पण शफीक 2011 मध्ये, ऐन तारुण्यात, तोंडाच्या कर्करोगाने गेला. 2025 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' टॉकीजमध्ये आला, त्यात त्याची आणि नासिर यांची दोस्ती साऱ्या देशाने पाहिली. ती पाहायला तो नव्हता.

"बघ," मी म्हटलं, "शेवटी हाती काय आलं?"

भाचा म्हणाला, "खाला, त्याला आजार सिनेमाने नाही झाला. आणि दादा मागावर खोकून खोकून गेले, तेव्हा त्यांना गल्लीबाहेर कोण ओळखत होतं?"

मी विषय बंद केला. आज वाटतं, तिथेच माझी चूक झाली. विषय घरात बंद झाला, त्याच्या मनात नाही.

महिन्याभराने त्याला फोनवर एक जाहिरात दिसली. वेब सिरीजसाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची गरज नाही. त्याने फोटो पाठवला. दोन तासांत उत्तर आलं, तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे साडेतीन हजार पाठवा. शिकवणीतून जमवलेले पैसे त्याने फोनवरूनच पाठवून दिले. मग पोर्टफोलिओसाठी आणखी बारा हजार मागितले. ते उसने मागायला तो त्याच मोबाइलवाल्या मित्राकडे गेला. मित्राने सगळं ऐकून एकच वाक्य सांगितलं, "काम देणारा पैसे देतो, घेत नाही." दोघांनी त्या नंबरवर फोन लावला, तर तो बंद.

मित्राने त्याला हाताला धरून घरी आणलं. अब्बांसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता काही खैर नाही. पण दुल्हाभाई खालच्या आवाजात एवढंच म्हणाले, "पैसे पाठवण्याआधी मला विचारायचं होतंस."

तो म्हणाला, "विचारलं असतं तर पैसे वाचले असते अब्बा. पण तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं असतं का?"

खोलीत कुणीच बोललं नाही. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा सरकारी नंबर आहे, तिथे मी तक्रार नोंदवली. असं झालं तर जितका लवकर फोन कराल तितकं बरं. आम्ही उशीर केला होता. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या रात्री मला दिलीप कुमार आठवले. त्यांचे वडील फळांचे व्यापारी, आमच्याच जिल्ह्यातल्या देवळालीला त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि दिलीप कुमार तिथल्याच बार्न्स शाळेत शिकले. 1944 साली त्यांचा पहिला सिनेमा आला तो बदललेल्या नावाने, कारण वडिलांना कळलं तर काय होईल ही भीती. एवढ्या मोठ्या माणसालाही घरी सांगता आलं नाही. त्यांना बाहेर चांगली माणसं भेटली. प्रत्येक पोराला ती भेटतीलच असं नाही. घरात ज्या गोष्टीचं नाव काढता येत नाही, ती गोष्ट मूल बाहेरच्या माणसाला सांगतं, आणि तो बाहेरचा माणूस कोण असेल हे आपल्या हातात राहत नाही.

पुढच्या जुम्म्याला मी मित्राला फोन घेऊन घरी बोलावलं. दुल्हाभाईंना म्हटलं, "नाही म्हणायचं तर जरूर म्हणा, पण आधी एकदा बघा." ते मनाविरुद्ध बसले. म्हातारा खाटेवर कूस बदलू लागला तेव्हा त्यांनी चष्मा लावला. मग नातू रात्रपाळीत मागावर तुटलेला धागा जोडतो तो प्रसंग आला, आणि दुल्हाभाई एकदम म्हणाले, "थांब. मागे घे. गाठ अशी मारतात होय? एवढ्या वेळात मालक घरी पाठवेल." त्यांनी आपांकडून सूत मागून घेतलं आणि डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच एका हाताने गाठ मारून दाखवली. मित्र बघतच राहिला. "चाचा, पुढच्या सिनेमाच्या वेळी तुम्ही शिकवाल का?" दुल्हाभाई काही बोलले नाहीत. पण सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आणि शेवटी आपल्या वडिलांच्या रिकाम्या खाटेकडे पाहत बसले.

त्यानंतर आम्ही चौघं बोलायला बसलो. पहिल्यांदाच भांडायला नाही, बोलायला. मी थोडी चौकशी करून ठेवली होती. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय असो की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम, दोन्हीकडे पदवी लागते; दिल्लीला तर नाटकांत काम केल्याचा अनुभवही विचारतात. नसीरुद्दीन शाह अलीगढची पदवी घेऊन या दोन्ही संस्थांत शिकले, हे ऐकून दुल्हाभाईंना आश्चर्य वाटलं. "म्हणजे याचंही शिक्षण असतं?" पुणे आणि मुंबई विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आमच्या नाशिकलाही होते. म्हणजे पदवी आणि अभिनय यांचं वैर नाही, हे कळल्यावर घरातला अर्धा ताण उतरला.

मग अटी ठरल्या. पदवी पूर्ण करायची. कुणालाही नोंदणी, पोर्टफोलिओ, ऑडिशनच्या नावाने एक रुपया द्यायचा नाही. तंबाखू, गुटखा तोंडाला लावायचा नाही. शफीकची आठवण ठेवायची असेल तर अशी ठेवायची. अम्मीला शेजारी बसवून दाखवता येणार नाही असं काम घ्यायचं नाही. नमाजचं दुल्हाभाई बोलणार, इतक्यात भाचा स्वतःच म्हणाला, "ती तर आहेच अब्बा." त्यानेही आमच्याकडून एक अट मान्य करून घेतली. त्याने काही सांगितलं तर त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी ओरडायचं नाही.

अभिनय जायज की नाजायज, याचा निवाडा मी करणार नाही. मी आलिमा नाही, आणि या बाबतीत आमच्या घरातही दोन मतं आहेत. दुल्हाभाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. "सध्या जुम्म्यापुरतं," एवढंच ते म्हणाले आहेत. मोहल्ल्यातल्या दोघातिघांनी टोमणे मारलेच. आपांना मुलीच्या नात्याची काळजी आहे, ती खोटी नाही. भाचा उद्या नट होईल की माझ्यासारखा मास्तर होऊन गॅदरिंगची नाटकं बसवेल, अल्लाह जाणे.

पण भगिनींनो, एक शिक्षिका म्हणून आणि एक खाला म्हणून एवढं सांगावंसं वाटतं. आपलं मूल कुठल्याही नव्या गोष्टीचं नाव काढेल, सिनेमा असो, क्रिकेट असो, परदेश असो, तेव्हा आपलं उत्तर "नाही" असलं तरी चालेल. पण ते ऐकून घेतल्यानंतरचं असावं. माझ्या भाच्याचे साडेतीन हजार गेले. त्याहून मोठं काही गेलं नाही, कारण त्याला एक खरा मित्र होता. प्रत्येक घराचं नशीब तेवढं बलवत्तर नसतं.

मित्राच्या दुसऱ्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं आहे. भाच्याला दोन प्रसंगांचं छोटं काम आहे, मागावर उभ्या असलेल्या कामगाराचं. मागच्या जुम्म्याला मी आपाकडे गेले तेव्हा दुल्हाभाई सुट्टी असूनही घरात नव्हते. मी विचारलं तर आपा म्हणाल्या, "पोराबरोबर कारखान्यात गेलेत. म्हणतात, गाठ तरी नीट मारू दे."