कॅपा, लॅम्डा आणि बाबांचे खिळे

परवा बाबांचा नवा रिपोर्ट आला. (घरच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते: बाबांना मल्टिपल मायलोमा आहे.) चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "हे कॅपा म्हणजे काय गं? दर वेळी तेवढंच वाढलेलं असतं."

मी कॉलेजात हाच विषय शिकवते. पण घरी कधी बोलले नव्हते. धीरच झाला नव्हता म्हणा ना.

अँटिबॉडीत दोन जड साखळ्या असतात आणि दोन हलक्या. हलकी साखळी एकतर कॅपा, नाहीतर लॅम्डा. जंतू अगणित आणि जीन्स मोजकी, मग इतक्या तऱ्हेच्या साखळ्या येतात कुठून? हे कोडं सुटलं ते उंदरांमुळे.

बाबांनी उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवले. म्हणून म्हटलं, "बाबा, तुमच्या केससारखंच आहे बघा. उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावर कॅपाचे व्ही नावाचे शंभराच्या आसपास कामाचे खिळे आहेत आणि जे नावाचे ४. बी पेशी घडताना त्यातला एक व्ही आणि एक जे उचलून जोडते. सांध्यावर थोडंफार इकडेतिकडे होतं, तेवढे प्रकार आणखी वाढतात. लॅम्डाच्या केसमध्ये मात्र व्हीचे जेमतेम ३ खिळे. म्हणून उंदराच्या हलक्या साखळ्यांपैकी सुमारे ९५ टक्के कॅपाच."

"पण जुळवताना पाहिलं कोणी?"

१९७६ साली बाझेलमध्ये होझुमी आणि तोनेगावा यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि गाठीचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासला. हलक्या साखळीचे जे भाग गर्भात लांब लांब होते, ते गाठीत जवळ आलेले होते. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

"गाठ कसली?"

इथे मी अडखळले. निरोगी उंदराच्या रक्तात हजारो साखळ्यांची सरमिसळ, त्यातून एकच वेगळी कशी काढणार? अमेरिकेत मायकेल पॉटर यांनी बॅल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचून प्लाझ्मा पेशींच्या गाठी वाढवल्या. अशी प्रत्येक गाठ एकच साखळी भरमसाट बनवते. १९७० मध्ये अशा १८ गाठींतल्या लॅम्डा साखळ्या वाचल्या, तर १२ तंतोतंत सारख्या आणि बाकीच्यांत अगदी थोडा फरक. खिळा एकच, पण पेशी तो पुढे स्वतःच कोरून बदलते, याचा तो ठसठशीत पुरावा होता.

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे माझाच आजार. केस भरलेली आहे, पण मशीन एकच फॉर्म छापत सुटलंय."

मी वर्षानुवर्षं फळ्यावर हे लिहिते. इतक्या सरळ शब्दांत मला कधी सांगता आलं नाही.

"आणि त्या उंदरांचं काय झालं?"

"मेले, बाबा."

"प्रेसमध्ये कागद कुरतडायचे म्हणून मी किती मारले असतील..." एवढं बोलून त्यांनी रिपोर्टची नीट घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवली.

असो. पुढची तपासणी महिन्याभराने आहे. रिपोर्ट आला की या वेळी आधी त्यांच्याच हातात देणार आहे.