काळी-पिवळीची इटालियन भावंडं

युरोपातल्या दुर्मीळ स्पोर्ट्स कार म्हणजे पोस्टरवर बघायच्या आणि उसासा टाकायचा, असं वाटतं ना? मग एका रविवारी मनोरला चला. तिथे कळेल, की यातल्या काहींशी आपलं अगदी जवळचं नातं आहे. फारच जवळचं!

रविवारी सकाळी सहाच्या आत वर्सोवा पूल ओलांडला, की मुंबई-अहमदाबाद हायवे वेगळाच वाटायला लागतो. आठवडाभर या रस्त्यावर फक्त ट्रेलर, टँकर आणि तोंडात येणाऱ्या शिव्या असतात. पण रविवारी पहाटे मधूनच मागून एक घरघर ऐकू येते, आरशात काहीतरी लाल, बुटकं, जमिनीला चिकटलेलं दिसतं आणि तुम्ही ‘अरे, ही कुठली?’ म्हणेपर्यंत ते पुढच्या वळणापाशी पोचलेलंही असतं. नव्या सुपरकार तर दिसतातच. नशीब जोरावर असेल तर एखादी जुनी, टप उघडलेली दोन सीटवालीही दिसते. अशा वेळी तिच्या मागे जाण्याचा प्रयत्न करू नका. सरळ मनोरला चहाला थांबा. बऱ्याचदा ती तिथेच भेटते.

नाका, नदी आणि जांभळं

मनोर म्हणजे तसं नाक्याचं गाव. एकीकडे पालघरचा रस्ता, दुसरीकडे वाड्याचा आणि मधून धावणारा हायवे. थोडं पुढे गेलात की चिल्हार फाटा. तिथून डावीकडे बोईसर आणि तारापूरची एमआयडीसी. त्यामुळे इथल्या हॉटेलांत ट्रकवाले, केमिकल कंपनीतले शिफ्ट सुपरवायझर, ट्रेकर्स आणि आपल्यासारखे ‘चल ना, कुठेतरी जाऊ’वाले एकाच बाकावर बसलेले असतात. उत्तरेला अशेरीगड, वाडा रस्त्यावर कोहोजगड. जूनमध्ये आलात तर जवळच्या बहाडोलीची टपोरी जांभळं मिळतात. २०२३मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालंय. आणि पाऊस लागला की पालघरकडे जाणारी वाघोबा खिंड हिरवीगार होते, तिचं तर विचारूच नका.

या नाक्यावर अर्धा तास नुसतं बसलात, तरी भारतातल्या मोटार धंद्याची परेड बघायला मिळते. गुजरातेतल्या साणंद आणि हलोलच्या कारखान्यांतून निघालेल्या कोऱ्या गाड्या लांबलचक कंटेनरमध्ये बसून याच हायवेने मुंबईकडे येतात. हलोलहून येणाऱ्यांच्या नाकावर अष्टकोनी बिल्ला असतो : एमजी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड. आज हे नाव चिनी कंपनीकडे आहे आणि २०२४पासून भारतातल्या कंपनीत जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. पण एकेकाळी एमजी म्हणजे स्पोर्ट्स कार आणि स्पोर्ट्स कार म्हणजे एमजी, असं समीकरण होतं.

दोन बॉनेट, एक गर्दी

मी मनोरला गेले ती मात्र एका फियाटमधून. ऑफिसातल्या मित्राच्या बाबांची, म्हणजे काकांची, १९८१ची प्रीमियर पद्मिनी. रंग पिस्ता, पुढे सोफ्यासारखी सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. बोरिवलीहून निघालो तेव्हा मित्र मागे पेंगत होता आणि काका ताशी साठच्या पुढे जायला तयार नव्हते. ‘‘अगं, पळते ती अजूनही. पण तिला पळवायचं कशाला?’’ शेजारून कंटेनर भोंगे वाजवत जात होते आणि काका मजेत जुनी गाणी गुणगुणत होते.

मनोरच्या हॉटेलसमोर एक एमजी टीडी उभी होती. फिकट हिरवी, तारांची चाकं, मडगार्डचे लांब झोकदार बाक. १९५० ते १९५३ या काळात या मॉडेलच्या तीस हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि बहुतेक सगळ्या अमेरिकेला गेल्या. इंजिन साडेबाराशे सीसीचं, ताकद पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅक तिला सहज मागे टाकेल. तरी तिच्याभोवती मोबाइल काढून पंधरा जण उभे होते.

काकांनी फियाट तिच्या शेजारी लावली आणि गरम झाली म्हणून बॉनेट उघडलं. आणि गंमत म्हणजे एमजीचे मालक चहाचा ग्लास हातात घेऊन तिकडेच आले. दोघं वाकून कार्ब्युरेटरकडे बघत होते, जसे दोन आजोबा एकमेकांचे रिपोर्ट बघतात. मग गर्दीही इकडे सरकली. एका ट्रकच्या क्लीनरने तर काकांना न विचारताच एअर फिल्टरचा नट घट्ट करून दिला.

‘‘माझी विंटेज, तुमची पण विंटेजच,’’ एमजीवाले म्हणाले. काका हसले. ‘‘छे हो. तुमची विंटेज. माझी नुसती जुनी.’’

हे ‘नुसती जुनी’ मला काही पटेना. घरी आल्यावर वाचत बसले, आणि जे सापडलं ते ऐकाच.

१०८९ सीसीची गोष्ट

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हे माप पहिल्यांदा आलं ते १९३७ साली, इटलीतल्या फियाट ५०८ सी या साध्या फॅमिली कारमध्ये. पुढे तीच फियाट ११००. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बनू लागली आणि १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं.

आता इटलीत परत जाऊ. १९३९मध्ये एन्झो फेरारी नावाच्या गृहस्थांनी अल्फा रोमिओ सोडली. करार असा, की चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही. नाव नाही तर नाही! त्यांनी दोन गिऱ्हाइकांसाठी दोन रेसिंग कार बनवल्या आणि त्यांना नुसता आकडा दिला : ८१५. म्हणजे आठ सिलिंडर, दीड लिटर. पैसे कमी, वेळ त्याहून कमी. म्हणून सांगाडा घेतला फियाट ५०८ सीचा आणि त्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला माथे बसवले याच फियाटचे, एकापुढे एक दोन. एप्रिल १९४०मध्ये दोन्ही गाड्या ब्रेशियाच्या मिले मिलिया शर्यतीत उतरल्या. एकीच्या स्टिअरिंगवर होता अल्बेर्तो आस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ साली जगज्जेता झाला. दोन्ही गाड्या बंद पडल्या, शर्यत पूर्ण झाली नाही. पण फेरारीने स्वतःच्या कारखान्यात बनवलेली पहिली गाडी हीच. जगात दोनच बनल्या. आणि तिच्या पोटात आपल्या काळी-पिवळीच्या पणजीचे पार्ट!

युद्धानंतर तुरीनच्या पिएरो दुसियो यांनी हेच ११०० सीसीचं इंजिन घेऊन चिसितालिया काढली. तिच्या २०२ मॉडेलची बॉडी पिनिन फारिना यांनी अशी घडवली, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. ताकद किती? पंचावन्न-साठ हॉर्सपॉवर. पण १९४७च्या मिले मिलियात चौपन्न वर्षांचा ताझिओ नुव्होलारी उघड्या टपाची चिसितालिया घेऊन उतरला आणि त्याने तिप्पट मोठ्या इंजिनांना घाम फोडला. शेवटी धो धो पाऊस आला, इंजिनात पाणी गेलं, वेळ गेला आणि तो दुसरा आला. हे वाचताना मला हसूच आलं. पावसाळ्यात मिलन सबवेत डिस्ट्रिब्युटर भिजून बंद पडलेली टॅक्सी आठवतेय ना? खानदानी आजार होता तो!

आणि ही एकट्या फियाटची गोष्ट नाही. लायसन्स राजमध्ये आपल्याकडे मुख्यतः तीन गाड्या मिळायच्या. ॲम्बेसेडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या तेवढ्याच सीसीच्या इंजिनावर १९५५ची देखणी एमजीए धावली. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचा सांगाडा आखूड केला की झाली १९६२ची ट्रायम्फ स्पिटफायर. तिघींचीही सख्खी नाही तर चुलत भावंडं रेसच्या मैदानात होती. फरक एवढाच, की त्यांच्या वाट्याला कोपरे आणि टाळ्या आल्या, आपल्या गाड्यांच्या वाट्याला वेटिंग लिस्ट, लग्नाची वरात आणि डिकीत कोंबलेल्या होल्डॉल.

म्हणून या दुर्मीळ गाड्यांचं अपील मला तरी आता वेगळंच वाटतं. ते वेगात नाही आणि किमतीत तर मुळीच नाही. घरातल्या साध्या सामानातून कुणीतरी डोकं लावून, हाताने पत्रा ठोकून काहीतरी सुंदर बनवलं, यात ते आहे. आज पिनिनफारिनाची मालकी महिंद्रांकडे आहे आणि २००८पासून जॅग्वार टाटांची आहे. इटलीचा पत्रा आणि इंग्लंडचा बिल्ला, दोन्ही मुंबईच्या घरात आले. आणि मुंबईच्या घरातली फियाट?

पंधरा ते पन्नास

काळी-पिवळी पद्मिनी गेली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. राहिल्या त्या काकांच्या गाडीसारख्या थोड्या खासगी. आणि त्यांच्यापुढे पेच आहे.

२०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नोंदणीचे वीस हजार रुपये. मग ती रॅलीत, प्रदर्शनात न्यायची, रोज ऑफिसला नाही. छान नियम आहे. पण पंधरा वर्षं झाली की गाडी ‘जुनी’ आणि पन्नास झाली की ‘वारसा’. मधल्या पस्तीस वर्षांचं काय? या काळात पुन्हा पुन्हा फिटनेस, वाढत गेलेली फी, न मिळणारे पार्ट आणि दर महिन्याला दारात येणारा भंगारवाला. काकांच्या फियाटला पन्नास होतील २०३१मध्ये. ‘‘तोवर ती टिकेल गं,’’ काका म्हणाले, ‘‘मी क्लच दाबू शकेन का, ते बघायचं.’’

मित्र म्हणतो, विकून टाका. पार्किंगचे पैसे भरतोय तो, त्याचंही चूक नाही. पण एक लक्षात घ्या. युरोपातल्या ज्या गाड्या आज दुर्मीळ म्हणून मिरवतात, त्याही कधीतरी ‘नुसत्या जुन्या’ होत्या. कुणीतरी त्या पडत्या काळात शेडमध्ये झाकून ठेवल्या, म्हणून उरल्या. प्राणलाल भोगीलाल या मुंबईच्या उद्योगपतींनी हेच केलं. लोक ज्या गाड्या मोडीत काढत होते, त्या ते जमवत राहिले. शंभराहून जास्त गाड्यांचा त्यांचा संग्रह आज अहमदाबादजवळ कठवाड्याला आहे. म्हणजे मनोरवरून जाणाऱ्या याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला!

तेव्हा तुमच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीखाली एखादी फियाट असेल, तर तिला भंगारात घालण्याआधी एकदा मनोरपर्यंत फिरवून आणा. साठच्या स्पीडने, खिडक्या उघड्या टाकून. कदाचित निर्णय बदलेल.

कसं जाल?

दहिसरहून मनोर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. खानिवडे टोल, मग ढेकाळे, वैतरणेचा पूल आणि मनोर. ट्रेनने पालघरला उतरून एसटी किंवा शेअर रिक्षानेही येता येतं.

निघा पहाटे. दहानंतर अवजड गाड्यांची रांग लागते आणि जुन्या इंजिनाला ट्रॅफिक सोसत नाही.

जुनी गाडी असेल तर पाण्याचा कॅन, फॅन बेल्ट, स्पार्क प्लग आणि टॉर्च सोबत ठेवा.

आणि नवी असेल तर सीट बेल्ट, मागे बसणाऱ्यांनीही. मनोरच्या पुढे चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ला झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघंही मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेले नव्हते. हा रस्ता सुंदर आहे, पण रेसट्रॅक नाही.